सोबतीच्या रकान्यातलं नाव

“विमा कोणता?” काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

पद्मजा मगदूम क्षणभर तिच्याकडे बघतच राहिली. नवऱ्याला, अभिनंदनला, तिने चाकांच्या खुर्चीतून नुकतंच आत आणलं होतं. त्याचे ओठ काळेनिळे पडले होते, शर्ट पाठीला चिकटला होता. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचा तो मॅनेजर. खोक्यांची थप्पी बघता बघता तिथेच कोसळला. हमालांचा फोन आला आणि पद्मजा घरातल्याच चपलांवर धावत सुटली.

“अहो, त्यांना श्वास घेता येत नाहीये,” ती म्हणाली.

“दिसतंय ताई. खुर्चीतला ऑक्सिजन सुरू झालाय, ईसीजी वरच्या मजल्यावर डॉक्टरांकडे गेलाय. तेवढं कायद्याने सगळ्यांनाच मिळतं.” मुलीच्या छातीवरच्या पाटीवर ‘किमया’ असं नाव होतं. तिचा आवाज वाईट नव्हता, फक्त सवयीचा होता. “पण पुढचं दार विम्याशिवाय उघडत नाही. त्यांचा तळवा इथे टेकवा.”

मिरजेत दवाखान्यांना तोटा नव्हता. पण आता कुठल्याही दवाखान्यात गेलं तरी पहिला प्रश्न हाच. काय होतंय, कुठे दुखतंय, हे नंतर. पद्मजाने नवऱ्याचा हात काचेवर ठेवला. त्याच्या मनगटावरचा विमा कंपनीचा पट्टा एकदा लुकलुकला.

“वरची श्रेणी आहे. ऑपरेशन लागलंच तर उद्या सकाळीसुद्धा होऊ शकेल,” किमया म्हणाली. “आता फक्त सोबतीला बोलावून घ्या.”

“मीच की. मी बायको त्यांची.”

किमयाने पडद्याकडे बघितलं, मग पद्मजाकडे, मग पुन्हा पडद्याकडे. “तुमचं नाव वारसाच्या रकान्यात आहे, ताई. सोबतीच्या रकान्यात वनिता सदामते आहे.”

हे नाव पद्मजाने जन्मात ऐकलं नव्हतं. तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याने डोळे मिटून घेतले. ते थकव्याने मिटले की आणखी कशाने, हे तिला कळलं नाही, आणि तेवढ्यात खुर्ची आत गेली.

डॉक्टर यास्मिन मोमीन यांनी तिला आपल्या खोलीत बसवलं. हृदयातून रक्त बाहेर नेणारी झडप आवळत आली होती. ती बदलायची, ऑपरेशन आता नेहमीचं झालं होतं, पण फार दिवस थांबता येणार नव्हतं.

“मग करा ना. हे सोबतीचं काय मध्येच?”

डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. “ताई, तुम्ही मिरजेच्या. सतार जवळून बघितलीच असेल. वरच्या तारा वादक छेडतो. त्यांच्या खाली बारीक तरफेच्या तारा असतात, त्यांना कोणी हात लावत नाही. पण वरचा सूर जुळला की त्या आपोआप वाजायला लागतात. माणसाच्या शरीरात तसंच काहीतरी असतं, हे आता मोजता येतं.”

मग त्यांनी समजावलं. निरोगी हृदय घड्याळासारखं टिकटिकत नाही. श्वास आत घेताना ते थोडं घाईत असतं, सोडताना सावकाश होतं. मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी एक लांब चेता, म्हणजे मज्जातंतू, त्याला आवर घालते. माणूस धास्तीत असला की ही चेता दबते, हृदयाची लय ताठरते आणि रक्तात दाह वाढवणारी द्रव्यं उतरतात. पण एखादं विशिष्ट माणूस जवळ येऊन बसलं, की काही मिनिटांत सगळं सैल होतं. पट्टा नाडी बघतो, घामातली द्रव्यं बघतो आणि जवळ कोणाचा फोन आहे हेही टिपून ठेवतो. ज्याच्याजवळ लय सर्वांत सैल होते, त्याचं नाव तो आपणच सोबतीच्या रकान्यात भरतो. लाखो लोकांच्या नोंदी जुळवल्यावर विमा कंपन्यांना दिसलं की ऑपरेशनच्या वेळी ते माणूस शेजारी असेल तर जखम लवकर भरते, गुंतागुंत कमी होते. मग त्यांनी तो नियमच करून टाकला. सोबती हजर आणि लय जुळलेली असेल तर वरची श्रेणी. नाहीतर खालची, म्हणजे रांग.

“रांग किती?”

“त्यांना परवडेल त्यापेक्षा मोठी,” डॉक्टर म्हणाल्या. “त्या बाईंना बोलवा. आत्ता राग बाजूला ठेवा.”

बाहेर आल्यावर पद्मजा पुन्हा काउंटरपाशी थांबली. “माझ्या विम्यात सोबती कोण आहे?”

किमयाने तिचा तळवा घेतला. “अभिनंदन मगदूम. पट्टा बांधला त्या दिवसापासून तेच.”

पद्मजाला वाटलं, कोणीतरी भर चौकात आपला पदर ओढला. आपलं शरीर इतकी वर्षं एका माणसाला बघून निवांत होत होतं, आणि तो माणूस निवांत व्हायला दुसरीकडे जात होता.

हमालांना फोन केला, तर वनिता सदामतेला शोधायला लांब जावं लागलं नाही. कोल्ड स्टोरेजच्या समोर, सांगली रस्त्याला, ट्रक तोलायचा वजनकाटा होता. काटा केव्हाच संगणकावर चालायला लागला होता, पण व्यापाऱ्यांचा अजून माणसाच्या साक्षीवर भरवसा होता, म्हणून केबिनमध्ये एक बाई बसायची. तीच वनिता.

वाटेत पद्मजाने मनात तिची अनेक रूपं रंगवली होती. कोवळी, गोरी, केस मोकळे सोडणारी. केबिनमध्ये बसली होती तिच्याच वयाची, सावळी, जाड चष्म्याची एक बाई. अंगावर कॉटनची साधी साडी, पायात मोजे. पद्मजाला ते जास्तच झोंबलं. सुंदर बाईपुढे हरलं तर निदान जगाला सांगता येतं.

“मी अभिनंदन मगदूमांची बायको.”

“या वहिनी. बसा,” वनिताने दुसरी खुर्ची पुढे केली. त्या खुर्चीवर उशी होती. उशी कोणासाठी हे विचारायची गरज नव्हती.

पद्मजा बसली नाही. उभ्यानेच तिने सगळं सांगितलं. वनिताने ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, “आता कसे आहेत?”

“तुम्हाला काय करायचंय?” पद्मजाच्या तोंडून निसटलं. मग तिने विचारलं, “ते इथे येऊन काय करतात?”

“बसतात. सुट्टी झाल्यावर घरी जायच्या आधी. चहा घेतात कधी. गाड्या बघतात.”

“बोलता काय?”

“फारसं नाही.”

“फारसं नाही म्हणजे काय?”

बाहेर एक ट्रक काट्यावर चढला. पडद्यावरचा आकडा वरखाली हलत राहिला. वनिताने त्याला घाई केली नाही. आकडा स्थिरावला, तेव्हा तिने बटण दाबलं आणि मग पद्मजाकडे बघितलं. “मी येते वहिनी. पण संध्याकाळी बदली येईपर्यंत काटा सोडता येत नाही.”

पद्मजाच्या डोक्यात तेव्हा तो विचार आला. पट्टा फोनच तर ओळखतो. “तुम्ही नका येऊ,” ती म्हणाली. “फोन द्या फक्त. मी बसते त्यांच्याजवळ.”

वनिताने तिच्याकडे थोडा वेळ बघितलं. मग टेबलावरचा फोन उचलून तिच्या हातात ठेवला. “याला कुलूप नाहीये,” एवढंच म्हणाली.

रिक्षात बसल्या बसल्या पद्मजाने तो उघडला. आपण असल्या बायकांतल्या नाही, असं तिला कालपर्यंत वाटायचं. तिने सगळं बघितलं. अभिनंदनचा एक निरोप नाही, एक फोटो नाही, एक कॉल नाही. लपवण्यासारखं काही सापडलं असतं तर बरं झालं असतं. भांडायला काहीतरी हाताशी आलं असतं. जिथे एक शब्दसुद्धा लागत नाही, अशा नात्याशी भांडायचं कसं?

अभिनंदनला काचेच्या एका स्वच्छ खोलीत ठेवलं होतं. पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर एक रेषा धावत होती, आणि तिच्या शेजारी पिवळा दिवा. तो हिरवा झाला म्हणजे लय जुळली. पद्मजाने वनिताचा फोन पर्समध्ये ठेवला, आपला बंद केला आणि पलंगाजवळ खुर्ची ओढली. भिंतीवर ‘सोबती: वनिता सदामते, उपस्थित’ अशी अक्षरं उमटली.

ती ठरवून आली होती की काही बोलायचं नाही.

“पाणी देऊ?” तिने विचारलं.

त्याने मानेनेच नको म्हटलं.

“सकाळची गोळी घेतली होती का? मी डब्यावर चिकटवून ठेवली होती. दम लागत होता तर मला आधी का नाही सांगितलं? आणि रोज उशीर का होतो म्हणून विचारलं, तर गाड्या उशिरा आल्या म्हणायचात. ते खोटंच होतं ना?”

“खोटं नव्हतं,” तो क्षीण आवाजात म्हणाला. “गाड्याच बघत होतो.”

“तिच्या शेजारी बसून.”

रेषा करवतीच्या दात्यांसारखी झाली. पिवळा दिवा लाल झाला. पद्मजाला दिसत होतं की गप्प बसायला हवं, आणि दिसत असूनही तिचं तोंड थांबत नव्हतं. “माझ्याजवळ बसून असं काय होतं तुम्हाला? मी काय खाते का?”

दार उघडून किमया आत आली. तिने भिंतीवरचं नाव वाचलं, खुर्चीतल्या बाईकडे बघितलं आणि पद्मजाला खुणेने बाहेर बोलावलं.

“ताई, हे पकडलं गेलं तर पॉलिसीच रद्द होते. तुम्हा दोघांचीही.” ती हळू बोलत होती. “मी काही बघितलं नाही. पण शरीर फोनला फसत नाही. त्या बाईंना आणा.”

दिवेलागणीला वनिता आपण होऊनच आली. बदली येताच रिक्षा करून निघाली होती. पद्मजाने तिचा फोन तिला परत दिला. वनिता आत जाऊन बसली. तिने अभिनंदनचा हात धरला नाही, कपाळाला हात लावला नाही, कसे आहात असंही विचारलं नाही. पिशवीतून वाटाण्याच्या शेंगा काढल्या आणि मांडीवर ताट घेऊन सोलायला लागली.

काचेबाहेर पद्मजा उभी होती. भिंतीवरची रेषा हळूहळू लांब, गोल लाटा घ्यायला लागली. अभिनंदनचे खांदे उतरले. दिवा हिरवा झाला. लग्नाच्या नव्या दिवसांत, कोकणात एका संध्याकाळी, समुद्राकडे बघताना त्याचे खांदे तसे उतरलेले तिने बघितले होते. नंतर कधी बघितल्याचं तिला आठवेना. तिला त्या बाईचा दोन्ही हातांनी गळा धरावासा वाटला, आणि त्याच वेळी हात जोडून तिला म्हणावंसं वाटलं की बाई, उठू नकोस.

ऑपरेशन झालं. झडप नीट बसली. त्यानंतरच्या दोन्ही रात्री वनिता खोलीत होती आणि पद्मजा बाहेरच्या बाकावर. जखम इतकी भराभर सुकली की डॉक्टर मोमीनसुद्धा खूश झाल्या. अभिनंदनला घरी सोडताना त्या म्हणाल्या, “त्यांचं तिथलं बसणं बंद करू नका. औषधच आहे ते.”

सवतीची चिठ्ठी डॉक्टरनेच लिहून दिली, असं पद्मजाला वाटलं.

घरी आल्यावर तिने एकदाच विचारलं. “माझ्यात काय कमी आहे?”

“तुझ्यात कमी काही नाही, पद्मा. तू दारातच सुरू करतेस. जेवलात का, गोळी घेतली का, कोण भेटलं, काय म्हणाला. मला माहीत आहे, ती माया आहे. पण प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. तिथे कोणी काही विचारत नाही.”

“प्रेम होतं का तिच्यावर?”

“बघ, पुन्हा विचारलंस,” तो म्हणाला, आणि दमल्यासारखा हसला.

तो अजून घरातच विश्रांती घेत होता, तेव्हा एका दुपारी पद्मजा एकटी काट्यावर गेली. आपला नवरा तिथे नसताना वनिता कोणाला भेटते, काय करते, हे बघायचं होतं. निदान तिने स्वतःला तसं सांगितलं. वनिताने उशीची खुर्ची पुढे केली. या वेळी पद्मजा बसली.

ट्रक आले, गेले. हळदीचे, द्राक्षांचे, उसाचे. आकडा हलायचा, थांबायचा. वनिता काही विचारत नव्हती, म्हणून पद्मजाच विचारत राहिली. तुमचं माहेर कुठलं? घरात कोण कोण? वनिताने सांगितलं की नवरा दुसरीकडे संसार थाटून बसला, त्याला आता जमाना झाला. मूलबाळ नाही. लहानपणी घरात सगळी तावातावाने बोलणारी माणसं होती, ऐकणारी ती एकटीच, म्हणून ती सवय लागली. मग तिने चहा ओतला. पद्मजाने आणखी एक प्रश्न तोंडात तयार ठेवला होता, पण तेवढ्यात एक लांबलचक ट्रेलर काट्यावर चढला, आणि त्याचा आकडा थांबेपर्यंत ती प्रश्न विसरून गेली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. अभिनंदन कामावर रुजू झाला, तेव्हा संध्याकाळ त्याची झाली, मग पद्मजा दुपारी जायला लागली. त्याला तिने सांगितलं नाही. लपवायचं असं ठरवलं नव्हतं. फक्त, सांगितलं असतं तर त्यावर बोलावं लागलं असतं. मत्सर गेला होता असंही नाही. उशीला त्याच्या डोक्याच्या तेलाचा वास आला की ती अजून उशी उलटी करून ठेवायची. वनिता कधी “साहेब काल हसले” असं म्हणाली, तर घरी आल्यावर ती भांडी आपटायची. पण दुपार झाली की पाय तिकडेच वळायचे.

पुढे दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी वनिता केबिनच्या फरशीवर पोट धरून बसलेली दिसली. चेहरा राखेसारखा. पद्मजाने समोरच्या कोल्ड स्टोरेजमध्ये जाऊन अभिनंदनला बोलावून आणलं. त्याने काही न विचारता गाडी काढली आणि तिघं त्याच इस्पितळात आली.

“विमा कोणता?” काउंटरवर किमयाच होती. वनिताला ओळखून ती जरा थांबली, पण प्रश्न तोच.

“नाही हो विमा,” वनिता कण्हत म्हणाली. “कधी काढलाच नाही.”

किमयाने खाली बघितलं. वनिताला दुखणं थांबवायचं इंजेक्शन मिळालं, खुर्ची मिळाली. दार मात्र बंदच राहिलं. पित्ताशय फुटायला आलं होतं. “सरकारी इस्पितळात न्या, पण तिथे आज शस्त्रक्रियेला…” किमयाने वाक्य सोडून दिलं.

लोकांचे दिवे हिने हिरवे करायचे आणि हिच्यासाठी दिवाच नाही. पद्मजा संतापून काउंटरवर वाकली.

“आमच्या पॉलिसीत मुलीची जागा आहे ना?” तिने विचारलं. “तिचं लग्न झालं, ती बेंगळुरूला आपल्या नवऱ्याच्या विम्यात गेली. ती जागा रिकामी आहे.”

“रिकामी आहे. पण तिथे घरातलंच माणूस बसतं. तुम्हा दोघांचे तळवे लागतील.”

अभिनंदनने आधी हात ठेवला. मग पद्मजाने. पडद्यावर तिचं पान उघडलं आणि तिघांनीही ते एकदमच वाचलं. सोबतीच्या रकान्यात आता अभिनंदनचं नाव नव्हतं. तिथे वनिता सदामते होती.

अभिनंदन पडद्याकडे बघत राहिला. “माझं नाव होतं इथे?”

“होतं.”

“कधीपासून जातेस तू तिकडे?”

त्याचा आवाज तिने ओळखला. तसा आवाज तिने या माणसाच्या तोंडून संसारात कधी ऐकला नव्हता. स्वतःच्या तोंडून मात्र खूप ऐकला होता. याला लागलंय, तिला कळलं. आपण याच्या रकान्यात नाही याचं तिला जेवढं लागलं होतं, तेवढंच. अशा घटकेला असं वाटायला नको, हे कळत असूनही तिच्या मनात कुठेतरी गूळ विरघळला.

“घरी गेल्यावर विचारा,” ती म्हणाली.

“नातं काय लिहू?” किमयाची बोटं पडद्यावर थांबली होती. तिला सगळं माहीत होतं, आणि ती पुन्हा काही न बघितल्यासारखी बसली होती. “आई, सासू, बहीण, जाऊ, नणंद. यातलंच निवडावं लागतं.”

“बहीण लिहा,” अभिनंदन म्हणाला. “पद्माची बहीण.”

पद्मजाने विचार केला. वेळ फार नव्हता, पण तेवढा तिला पुरला. आपली बहीण म्हणजे याची मेहुणी. मेहुणीशी थट्टा चालते, मेहुणीच्या शेजारी कितीही वेळ बसलं तरी जगात कोणी बोट दाखवत नाही.

“नणंद,” ती ठामपणे म्हणाली. “यांची सख्खी बहीण. लिहा.”

किमयाच्या ओठाचा कोपरा हलला. अभिनंदनने वनिताच्या खुर्चीला हात घातला. दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वनिता गुंगीतून पुरती जागी झाली. पित्ताशय काढून टाकलं होतं, आणि रंग परत येत होता. पद्मजा शेजारी बसली होती आणि बऱ्याच वेळात तिने एकही प्रश्न विचारला नव्हता. अभिनंदन दारापाशी फळांची पिशवी घेऊन घुटमळत होता. आत यायचं की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं. वनिताने चष्मा मागून घेतला आणि पलंगाच्या पायथ्याशी लावलेली नावा-नात्याची पाटी सावकाश वाचली.

“नणंद?” ती म्हणाली. दारातल्या माणसाकडे आणि शेजारच्या बाईकडे तिने आळीपाळीने बघितलं. मग टाके सांभाळत हसली. “म्हणजे आता भाऊबीजेला साहेबांना ओवाळायला यावं लागणार, वहिनी.”

“यावंच लागेल,” पद्मजा म्हणाली. “दर वर्षी. आणि साहेब नाही म्हणायचं. दादा म्हणायचं.”